हंगेरियन टेबल आणि ‘आस्थल’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या भाषाविषयक लेखात टेबलासाठीच्या हंगेरियन शब्दावर दोन परिच्छेद आहेत. तो शब्द ‘अस्झताल’ असा छापला आहे, त्याचे मूळ संस्कृत ‘आस्थल’ असल्याचे सांगितले आहे आणि शेवटी दोन उदाहरणवाक्ये दिली आहेत. उच्चार, व्युत्पत्ती आणि दोन्ही वाक्ये, चारही चुकले आहे. विषय लहान असला तरी तो नेमका कुठे चुकला हे पाहण्यासारखे आहे, म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी उच्चार. रोमन लिपीत हा शब्द ए-एस-झेड-टी-ए-एल असा लिहितात. हंगेरियनमध्ये एस आणि झेड ही जोडी मिळून एकच अक्षर होते आणि त्याचा उच्चार साधा ‘स’. नुसता एस मात्र ‘श’. (म्हणूनच राजधानीचा स्थानिक उच्चार बुडॉपेश्त.) मात्रा नसलेला ए हा ओठ गोल करून म्हटलेला ऱ्हस्व ‘ऑ’, कॉफीतला पण आखूड. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए हा आपला दीर्घ ‘आ’. तेव्हा शब्द झाला ‘ऑस्तॉल’. आघात नेहमीप्रमाणे पहिल्या अक्षरावर. यात झ कुठेही नाही.

आता मूळ. ‘ऑस्तॉल’ हा हंगेरियनने शेजारच्या स्लाव्ह भाषांकडून घेतलेला शब्द आहे. मूळ स्लाव्ह रूप ‘स्तोल’. रशियनमध्ये टेबल आजही स्तोल, क्रोएशियनमध्ये स्तोल, चेकमध्ये स्तूल. नवव्या शतकाच्या अखेरीस मॉज्यर म्हणजे हंगेरियन टोळ्या कार्पेथियन पर्वतांच्या वेढ्यातल्या मैदानात उतरल्या, तेव्हा तिथे आधीपासून स्लाव्ह शेतकरी राहत होते. शेती, स्वयंपाक, घरबांधणी आणि पुढे ख्रिस्ती धर्म यांतले शेकडो शब्द हंगेरियनमध्ये त्यांच्याकडून आले. टेबल त्यांतलेच एक.

पण ‘स्तोल’चे ‘ऑस्तॉल’ कसे झाले? इथे दोन नियम काम करतात आणि ‘आस्थल’चा दावा याच दोन नियमांवर आपटतो.

पहिला नियम असा की जुन्या हंगेरियनला शब्दाच्या आरंभी जोडाक्षर चालत नसे. यात मराठी वाचकाला नवल वाटू नये. स्टूलचे ‘इस्टूल’, स्कूलचे ‘इस्कूल’, स्त्रीचे ‘अस्तुरी’ हे आपल्याकडे बोलण्यात होतेच. (‘इस्टेट’ला मात्र या पंगतीत बसवू नये. तिथला आरंभीचा स्वर इंग्रजी शब्दातच आहे.) आपण कधी पुढे स्वर लावतो, कधी मध्ये घुसवतो, जसे गिलास, परसाद. कधी सरळ व्यंजनच गाळतो, जसे ठेसन. हंगेरियननेही पहिल्या दोन्ही युक्त्या वापरल्या. मध्ये स्वर घालून क्रालचा ‘किराय’ म्हणजे राजा झाला, स्लिवाचे ‘सिल्वॉ’ म्हणजे आलुबुखारसारखे फळ झाले. पुढे स्वर लावून लॅटिन स्कोलाची ‘इश्कोलॉ’ झाली, स्तेफानुसचा ‘इश्तवान’ झाला, स्लाव्ह द्वोरचे ‘उदवॉर’ म्हणजे अंगण झाले आणि स्तोलचे ऑस्तॉल. अलीकडे घेतलेल्या शब्दांना ही गरज पडत नाही. जर्मनकडून आलेले श्रोफ म्हणजे स्क्रू, श्पाइझ म्हणजे घरातली कोठीची खोली, आणि श्पोर्त हे सगळे जोडाक्षरासकट तसेच नांदतात. त्यामुळे आरंभी जोडलेला स्वर हा शब्दाच्या वयाचा दाखलाही ठरतो.

दुसरा नियम स्वराचा. जुना ऱ्हस्व ‘ओ’ हंगेरियनमध्ये पुढे खाली उतरून ‘ऑ’ झाला. स्लाव्ह पोतोकचा ‘पॉतॉक’ म्हणजे ओढा, ओब्लोकची ‘ऑब्लॉक’ म्हणजे खिडकी, आणि स्तोलचे ऑस्तॉल, तिन्ही एकाच साच्यातले. हा बदल फक्त उसन्या शब्दांत झाला असे नाही. बालातोन सरोवराच्या काठावरच्या तिहान्य इथल्या मठाची 1055 सालची सनद लॅटिनमध्ये आहे, पण जमिनीच्या हद्दी सांगताना लिहिणाऱ्याने मध्ये मध्ये हंगेरियन शब्द टाकले. त्यांतला एक तुकडा असा: ‘फेहेरुवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ’, म्हणजे फेहेरवारला जाणाऱ्या लष्करी रस्त्यावर. यातले ‘होदु’ आज ‘हॉद’ आहे, ‘उतु’ आज ‘ऊत’ आहे. हॉद हा शब्द उसना नाही, तरी त्यातला ओ तसाच उतरला. ही सनद पुन्हा लागणार आहे, लक्षात असू द्यावी.

आता ‘आस्थल’ घ्या. ते मूळ मानले तर आरंभीचा स्वर मुळातच होता असे म्हणावे लागते, आणि मग इश्तवान, उदवॉर, इश्कोलॉ या सगळ्या भावंडांचे काय करायचे याला उत्तर राहत नाही. शिवाय दीर्घ ‘आ’ हंगेरियनमध्ये ऑ का व्हावा, हेही सांगावे लागेल. स्लाव्ह आणि संस्कृत या एकाच मोठ्या कुळातल्या भाषा आहेत, त्यामुळे स्तोल आणि स्था-स्थल यांचे धातू मागे कुठेतरी एकमेकांना भेटले तर त्यात आश्चर्य नाही. पण हंगेरियन त्या कुळातली नाहीच. तिचे सख्खे नाते सायबेरियातल्या खांती आणि मान्सी भाषांशी आणि लांबचे फिन्निशशी. यानोश शॉयनोविच या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने 1770 मध्येच उत्तरेकडच्या सामी भाषेशी तिची तुलना छापली होती. तरी मूळ पूर्वेकडे शोधण्याची ओढ सुटली नाही. क्योरोशी चोमा शांदोर हा हंगेरियन विद्वान मॉज्यरांचे मूळ शोधत आशियात आला, लडाखकडच्या मठांत राहून तिबेटी शिकला, 1834 मध्ये कोलकात्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश निघाला आणि 1842 मध्ये दार्जिलिंगला तो वारला. हंगेरियनचे कूळ काही त्याला सापडले नाही, तिबेटविद्येचा पाया मात्र त्याने घातला. चुकीच्या वाटेने गेलेला माणूस इतके मोठे काम करून जातो, हे आम्हाला त्या व्युत्पत्तीपेक्षा जास्त विलक्षण वाटते.

अर्थाचीही गंमत आहे. जुन्या स्लाव्हमध्ये ‘स्तोल’ म्हणजे आसन, सिंहासनसुद्धा. रशियन ‘स्तोलित्सा’ म्हणजे राजधानी, ती या सिंहासनावरून. बल्गेरियनमध्ये स्तोल म्हणजे आजही खुर्ची, आणि सर्बियनमध्ये खुर्चीला ‘स्तोलित्सा’ म्हणतात. हंगेरियनने जेवणाच्या फळीचा अर्थ उचलला आणि तोच धरून ठेवला. पुढे हा शब्द लेक माहेरी यावी तसा परतही गेला. सर्बियात, विशेषतः उत्तरेकडच्या वोयवोदिनात, टेबलाला ‘अस्ताल’ म्हणतात. स्लाव्ह शब्द हंगेरियन सासरी जाऊन, पुढे स्वराचे लेणे लेऊन, स्लाव्ह घरी आला.

बाकीचे हंगेरियन घरही असेच अनेक हातांनी भरलेले आहे. ‘हाझ’ म्हणजे घर आणि ‘फॉझेक’ म्हणजे पातेले हे शब्द घरचे. फिन्निशमधले कोता म्हणजे झोपडी आणि पाता म्हणजे हंडा हे त्यांचे चुलतभाऊ. खिडकी, किल्ली (कुल्च) आणि स्वयंपाकघर (कोन्य्हॉ) स्लाव्हांकडून आले. शेकोटीची भट्टी ‘काय्हॉ’ जर्मन काखेल म्हणजे भट्टीच्या फरशीवरून आली. घराचे आढे-वासे उभारणारा सुतार ‘आच’ हा जुन्या तुर्की शब्दावरून, तर फर्निचर करणारा सुतार ‘ऑस्तॉलोश’ हा आपल्या टेबलावरून. ‘ओश’ हा तिथला ‘वाला’ समजावा. आच आणि ऑस्तॉलोश ही दोन्ही आडनावेही आहेत, आपल्या सुतारांसारखी.

शब्द परका असला तरी व्याकरण त्याने पूर्ण हंगेरियन स्वीकारले. लेखात ‘अठरा विभक्ती पाठ कराव्या लागतात’ अशी भीती घातली आहे. आकडा अठराच्या आसपास आहे हे खरे, पण मोजणाऱ्यागणिक तो बदलतो, आणि पाठ करायचे असते ते थोडेच. लिंग नाही. आपल्याकडे टेबल ते, खुर्ची ती, पलंग तो. तिथे सगळे एक, माणसांसाठीही ‘ओ’ हे एकच सर्वनाम. सामान्यरूपही बहुतेक ठिकाणी नाही. आपण टेबलचे आधी ‘टेबला’ करतो आणि मग ‘वर’ जोडतो, तिथे ऑस्तॉलला प्रत्यय थेट लागतो. फक्त शेवटी ऱ्हस्व ऑ किंवा ए असेल तर तो प्रत्ययाआधी दीर्घ होतो. लाम्पॉ म्हणजे दिवा, द्वितीयेत लाम्पात. कोन्य्हॉचे ‘स्वयंपाकघरात’ होते कोन्य्हाबॉन. मराठी माणसाला हे सामान्यरूपाच्या ओळखीमुळे लवकर जमते.

प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या स्वराप्रमाणे बदलतो. ऑस्तॉलमध्ये दोन्ही स्वर जिभेच्या मागच्या भागातले, म्हणून ‘-होझ’: ऑस्तॉलहोझ म्हणजे टेबलाकडे. खुर्ची ‘सेक’ पुढच्या स्वराची, म्हणून सेकहेझ. आरसा ‘त्युक्योर’ ओठ गोल केलेल्या पुढच्या स्वराचा, म्हणून त्युक्योरह्योझ. एवढे समजले की एक प्रत्यय तीन वेळा शिकावा लागत नाही. अपवाद थोडेच, पण नेमके स्वयंपाकघरात गाठतात. चरबी म्हणजे ‘झीर’, स्वर पुढचा ‘ई’, आणि तरी चरबीत तळणे हे ‘झीरबॉन’, झीरबेन नाही. असे ई-वाले जुने शब्द थोडे आहेत, ते भेटतील तसे लक्षात ठेवावेत.

अनेकवचन ‘-क’. ऑस्तॉलोक म्हणजे टेबले. इथे नवशिका शब्द आणि प्रत्यय यांना जोडणाऱ्या स्वरावर घसरतो. भिंत म्हणजे ‘फॉल’, शेवट ऑस्तॉलसारखाच, पण अनेकवचन फॉलॉक, फॉलोक नाही. द्वितीयेत टेबल होते ऑस्तॉल्त, मध्ये स्वर नाही, कारण ल नंतर त सहज बोलता येतो. भिंत मात्र फॉलॉत. घराचेही तसेच, हाझॉक, हाझॉत. चमचा ‘कॉनाल’ तर मधला आ आखूड करून कॉनॉलॉक, कॉनॉलॉत होतो. ही शब्दांची बंद यादी आहे, नवा उसना शब्द तिच्यात जात नाही. ऑस्तॉल कधीच गेला नाही, म्हणून शंका आली तर नियमित रूप वापरावे. आणि या यादीचा मान फक्त काही प्रत्ययांपुरता. ‘भिंतीवर’ म्हणताना फॉलोन, टेबलावर म्हणताना ऑस्तॉलोन, दोघांनाही ‘ओ’च.

‘ने, सह’ या अर्थाचा प्रत्यय ‘-वॉल/-वेल’. स्वरांत शब्दानंतर व टिकतो. काटा ‘विल्लॉ’, काट्याने विल्लावॉल. व्यंजनानंतर व स्वतःला विसरून शेजारच्यासारखा होतो: ऑस्तॉल्लॉल, सुरी ‘केश’ची केश्शेल, चमच्याने कॉनाल्लॉल, किल्लीने कुल्च्चॉल. ‘ऑस्तॉलवॉल’ असे कोणी म्हणाले की परदेशी ओळखू येतो.

लेखातले पहिले वाक्य, ‘आम्ही टेबलावर जेवायला बसलो’, हे ‘ऑस्तॉलोन’ने भाषांतरित केले आहे. हंगेरियन वाचक ते वाचून हसेल, कारण त्याचा अर्थ आम्ही टेबलाच्या वर, ताटांच्या जागी, चढून बसलो असा होतो. या भाषेत जागेचे तीन प्रकार आहेत: आत, पृष्ठावर आणि जवळ. प्रत्येकाला तीन दिशा: कडे जाणे, असणे, निघणे. असे नऊ प्रत्यय. जेवायला बसतात ते टेबलाजवळ, म्हणून ऑस्तॉलनाल. बसायला जातात ऑस्तॉलहोझ, उठतात ऑस्तॉलतोल. आपण ‘टेबलावरून उठलो’ म्हणतो त्याचे शब्दशः ‘ऑस्तॉलरोल’ केले, तर पंखा पुसायला चढलेला माणूस खाली उतरल्यासारखे होते.

पृष्ठाच्या तिन्हीत दुसरी अडचण येते. मराठीत ‘ताट टेबलावर ठेव’ आणि ‘ताट टेबलावर आहे’ दोन्हीकडे एकच ‘वर’. हंगेरियनमध्ये ठेवताना ऑस्तॉलरॉ, असताना ऑस्तॉलोन, उचलताना ऑस्तॉलरोल. मराठीभाषक शिकणाऱ्याची ही सर्वांत चिवट चूक असते, कारण आपल्याला इथे फरक आहे असे वाटतच नाही. तालीम करायची तर क्रियापदासकट जोड्या घोकाव्यात: ठेव-रॉ, आहे-ओन, काढ-रोल. ‘आत’चे तीन, बॉ-बॉन-बोल, टेबलाला क्वचितच लागतात. ऑस्तॉलबॉन राहतो तो लाकूड पोखरणारा किडा. बोलताना मात्र हंगेरियन लोक स्वतःही बॉन मधला न गिळतात आणि बॉ म्हणतात. लिहिताना ते चालत नाही.

यातला ‘-रॉ’ कुठून आला? तिहान्यच्या सनदेतला तो ‘रेआ’. 1055 मध्ये तो सुटा शब्द होता, ‘वर’ या अर्थाचा, आणि मागच्या शब्दाच्या स्वराशी जुळत नव्हता: उतु रेआ. पुढे तो चिकटला, आखूड झाला आणि स्वर जुळवू लागला: ऊतरॉ, ऑस्तॉलरॉ, पण सेकरे. आपले ‘वर’सुद्धा संस्कृत ‘उपरि’चे झिजलेले रूप. ‘-बॉ, -बॉन’ हे ‘बेल’ म्हणजे आतडे या शब्दावरून आले. घराच्या ‘पोटात’ म्हणण्यासारखाच प्रकार, फक्त तिथे पोटाचा प्रत्यय झाला.

लेखातले दुसरे वाक्य: ‘माझ्याकडे दोन टेबले आहेत’, भाषांतर ‘नेकेम वॉन केत ऑस्तॉलोक’. यात दोन चुका. संख्येनंतर नाम एकवचनीच राहते, केत ऑस्तॉल, तीन, दहा, पुष्कळ, काहीही असो. क्रियापदही एकवचनी. दुसरी चूक मालकीची. हंगेरियनमध्ये मालकी सांगायला इंग्रजी ‘हॅव’सारखे क्रियापद नाही. ‘मला दोन मुलं आहेत’ ही आपली रचना तिथे अगदी तशीच चालते, इंग्रजीवरून शिकणाऱ्यापेक्षा मराठीवरून शिकणाऱ्याला ती सोपी. पण तिथे मालक नामावरही शिक्का मारतो. माझे टेबल ऑस्तॉलोम, तुझे ऑस्तॉलोद, त्याचे किंवा तिचे ऑस्तॉलॉ, आमचे ऑस्तॉलुंक. तेव्हा वाक्य हवे: ‘नेकेम केत ऑस्तॉलोम वॉन’. नसेल तर वॉनच्या जागी निंच. मालकीचा प्रत्यय आधी, विभक्ती शेवटी: माझ्या टेबलावर ऑस्तॉलोमोन, माझ्या टेबलांवर ऑस्तॉलॉइमोन. या दुसऱ्या रूपात अनेकवचनाचा ‘क’ नाही, मालकी आली की अनेकवचन ‘इ’ने दाखवतात.

विशेषणाला यातले काहीच लागत नाही: केरेक ऑस्तॉलोन, गोल टेबलावर. पण दर्शकाला लागते, आणि मध्ये इंग्रजी ‘द’सारखे उपपदही येते: एझेन ऑझ ऑस्तॉलोन, शब्दशः ‘ह्यावर ते टेबलावर’. मराठीच्या सवयीने ‘ह्या’ला कोरे ठेवले की वाक्य मोडते. ‘ऑझ’ हे उपपद स्वरापुढे, व्यंजनापुढे नुसते ‘ऑ’.

सामासिक शब्दांत टेबल फार हिंडते. लिहिण्याचे ईरोऑस्तॉल. सोफ्यापुढच्या बुटक्या टेबलाला नाव धूम्रपानावरून, दोहान्यझोऑस्तॉल, आज घरात कोणी सिगारेट ओढत नसले तरी. टेबलाचा खण ऑस्तॉलफियोक. छापता येणार नाही असे लिहून ठेवणाऱ्याबद्दल ‘तो खणासाठी लिहितो’ असे म्हणतात. नवराबायको कायद्याने विभक्त पण घटस्फोट नाही, या अवस्थेला ‘पलंगापासून आणि टेबलापासून वेगळे होणे’ म्हणत. 1894 च्या विवाह कायद्यात हीच शब्दयोजना होती, दोन्ही शब्दांना ‘-तोल’ लावून. ‘ऑस्तॉलि’ हे विशेषण: टेबलावरचा दिवा, टेबलावरचे मीठ, आणि एकाच शब्दात लिहिले जाणारे ऑस्तॉलितेनिस.

आपल्या लेखाच्या चौकटीत ‘1989 च्या हंगेरीतील गोल टेबल’ असा उल्लेख आहे आणि त्यासाठी केरेक ऑस्तॉल असे दोन शब्द छापले आहेत. दोन शब्द लिहिले तर ते गोल आकाराचे फर्निचर होते. 22 मार्च 1989 रोजी विरोधी गटांनी स्थापन केलेले आणि 18 सप्टेंबरच्या करारापर्यंत सत्ताधारी पक्षाशी वाटाघाटी करणारे ते ‘केरेकऑस्तॉल’, एक शब्द, जोडून. चौकट दुरुस्त करताना तेवढे जोडून घ्यावे.

आपले,
हंगेरियन शिकणारे-शिकवणारे काही वाचक, पुणे